बॉनेटवरचा हात

काकांच्या शोकसभेत एक डॉक्टरसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यातला एक व्हिंटेज माणूस हरपला." लोकांनी माना डोलावल्या. मी पुण्याहून मुद्दाम त्या सभेसाठी हैदराबादला आले होते, मागच्या खुर्चीवर बसले होते, आणि मला असा संताप आला की चहाचा कप खुर्चीखाली ठेवून मी तशीच बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. व्हिंटेज म्हणे! काका असते तर त्यांनी त्या डॉक्टरांची तिथल्या तिथे उलटतपासणी घेऊन त्यांना घाम फोडला असता. नंतर जे बोलले तेही तसलेच. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. कुणी 'वल्ली' म्हणालं, कुणी 'जुन्या जमान्याची आठवण' म्हणालं. एका बाईंनी तर 'अँटिक पीस' असंही म्हणून टाकलं आणि वर डोळे पुसले. माणूस जाऊन महिना झाला नाही, तोवर यांनी त्याला काचेच्या कपाटात ठेवून कुलूपही लावलं. मी ते होऊ देणार नाही, म्हणून हे लिहितेय.

काका म्हणजे नल्लकुंट्यातले माझे घरमालक. खाली ते एकटे राहत, वरच्या दोन खोल्यांत मी. नोकरीसाठी हैदराबादला गेले तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, कुकटपल्लीत ऑफिसजवळ जागा बघ, नल्लकुंट्यात म्हातारे राहतात. मी नल्लकुंट्यातच घेतली, कारण तिथला घरमालक मराठी होता. त्यांचं मराठी ऐकल्यावर मात्र मी गोंधळले. "बसा, तकल्लुफ नक्को," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पाणी येतं, लाइट जाते, बाकी घर माकूल आहे." घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वकिली. आजोबा उर्दूत अर्ज लिहीत, वडील इंग्रजीत, आणि काका सगळ्याच भाषांत भांडत. गल्ली त्यांना वकीलसाब म्हणायची, मी काका म्हणायची, आणि ते मला शेवटपर्यंत 'पुणेकर' म्हणाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

काकांना नव्या गाड्या दिसत नसत. निदान ते तसं ठासून सांगत. संध्याकाळी विद्यानगरच्या चौकात गाड्यांची अशी खच्चून गर्दी असे की पायी रस्ता ओलांडायची सोय नसे, आणि काका फाटकातून आत येत म्हणत, "आज रस्त्यावर कोणी नव्हतं." मग एखाद्या दिवशी चेहरा उजळलेला असे. "आज बरकतपुऱ्यात हेराल्ड भेटली. गिरणीवर गहू घेऊन चालली होती." भेटली, असंच म्हणायचं. मी एकदा 'दिसली' म्हटलं तर त्यांनी मला मध्येच अडवलं. "पोस्टर दिसतं, पुणेकर. गाडी भेटते."

या भेटीचा दस्तूर ठरलेला होता. कडेला जुनी गाडी उभी असली की काका आधी तिच्या समोर जाऊन उभे राहत, दोन बोटं कपाळाला लावत आणि मग उजवा तळहात बॉनेटवर ठेवत. बॉनेट गरम लागलं की "हौ, कामावरून आली," म्हणून खूश. गार लागलं की आसपासच्या दुकानांत शिरून मालकाचा शोध. मालक सापडला की तिचं वय, मॉडेल, किंमत असलं काही विचारायचे नाहीत. प्रश्न एकच, "आज किधर को जाको आई ये?" आज नाही तर काल, काल नाही तर गेल्या आठवड्यात, पण गाडी कुठेतरी जाऊन आलेली असली पाहिजे. नसली तर त्या मालकाची धडगत नसे. फोटो काढायला सक्त मनाई. मी मोबाइल बाहेर काढला तेव्हा म्हणाले, "कोणाच्या घरी गेलात की न विचारता फोटो काढता काय पुण्याला? बेअदबी आहे ही."

त्यांची स्वतःची फियाट होती, आकाशी रंगाची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. वडिलांनी घेतलेली. पोर्चमध्ये तिच्यावर कधी कव्हर चढलं नाही. ती भाजी आणायची, तांदळाची पोती आणायची, गल्लीतल्या बाळंतिणींना दवाखान्यात न्यायची. दारांवर ओरखडे, मागच्या सीटला कांद्याचा वास. कुणी कौतुकानं म्हणालं, "वकीलसाब, पेंटिंग कराके रखो ना, क्या चीज है!" की काकांचं डोकं फिरे. "चीज नै मियाँ, गाडी है."

मला त्यांनी हळूहळू कामाला लावलं. "कुकटपल्लीपर्यंत जाता रोज, वाटेत एवढं शहर लागतं, आणि तुम्ही मोबाइलमध्ये मान घालून बसता. संध्याकाळी मला सांगायचं, आज कोण भेटलं." सुरुवातीला मी त्यांचं मन राखायला बसच्या खिडकीतून बघायची. मग सवय लागली आणि मग व्यसन. कुकटपल्लीत मेट्रोच्या खांबाखाली मला एक काळी अ‍ॅम्बॅसडर भेटली. एका डोसेवाल्यानं तिच्या डिकीत दुकान मांडलं होतं. घरी येऊन सांगितलं तर काकांनी पुढे सरसावून विचारलं, "चटणी कुठे ठेवतो?"

"स्टेपनीच्या जागेत."

काका खुर्चीत मागे रेलून हसत सुटले, ठसका लागेपर्यंत. पुढच्याच रविवारी आम्ही दोघं तिथे हजर. डोसेवाला रोज पहाटे मियापूरहून ती स्वतः चालवत आणतो हे कळल्यावर काकांनी उभ्या उभ्या डोसे खाल्ले, डॉक्टरांनी तेल बंद केलेलं असताना. सिकंदराबादला पाण्याची टाकी ओढणारी एक जीप होती, तिचीही त्यांनी मला ओळख करून दिली. तिथलेच एक आजोबा मॉरिस गाडीतून आपल्या कुत्र्याला फिरायला नेत. कुत्रा पुढे, आजोबा स्टिअरिंगवर, आणि दोघंही पायी न चालता परत येत. काकांना हे फार पसंत होतं.

मी हौसेनं एकदा त्यांना हुसेनसागरच्या काठी जुन्या गाड्यांच्या रॅलीला नेलं. चकचकीत गाड्या, भोवती दोरखंड, 'हात लावू नये'च्या पाट्या. सुटाबुटातल्या एका मालकाची गाडी ट्रकवरून उतरवत होते. काका त्याच्याजवळ गेले आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "इनके पाँव दुखते क्या?" मालकाला काही कळेना. "नै, ट्रक में बैठको आए ना, इस वास्ते पूछा." लगेच आम्ही बाहेर. घरी येताना आमची फियाट सिग्नलला बंद पडली, मी ऑफिसच्या चांगल्या कपड्यांत उतरून तिला धक्का मारला, आणि काका आतून ओरडून मला सांगत होते की माणसाच्या उपयोगी पडायचा मान आज तुम्हाला मिळाला. मी दातओठ खात ढकलत होते.

मग ती हेराल्ड नाहीशी झाली. बरकतपुऱ्याच्या गिरणीसमोर पिठानं पांढरी झालेली ती गाडी म्हणजे काकांची जुनी ओळख. गिरणीवाल्यानं सांगितलं, विकली. बरेच महिने तिचा पत्ता नव्हता, आणि मग ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला मी ज्युबिली हिल्सच्या बाजूला एका नव्या कॅफेत गेले तर ती तिथे होती. चाकं फरशीत रोवलेली, अंगाला गुलाबी रंग, मागचा भाग कापून त्यात टेबल बसवलेलं. काकांना सांगू नये असंच वाटत होतं. पण भेटली की सांगायचं, हा आमचा करार होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी कोर्टाचा काळा कोट घातला. निवृत्त झाल्यावर तो मी प्रथमच त्यांच्या अंगावर बघितला. कॅफेत शिरून ते हेराल्डच्या समोर उभे राहिले, दोन बोटं कपाळाला लावली, बॉनेटवर हात ठेवला, आणि मग ते उचलून पाहिलं. इंजिनाच्या जागी कुंडी होती, कुंडीत मनीप्लांट. काकांनी बॉनेट हलकेच खाली केलं, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि कॉफी मागवली.

"सर, ये सीट सिर्फ फोटो के लिए है," वेटर म्हणाला.

"ड्रायव्हर की सीट है बेटा. ड्रायव्हर बैठता."

त्यांनी हॉर्न दाबून बघितला. आवाज नाही. एव्हाना कॅफेचा मालक आला होता, तरुण, अदबीनं वागणारा. "अंकल, भंगार में जा रही थी. हमने इसको दूसरी जिंदगी दी."

"पैली निकाल लिए, तब ना?" काका म्हणाले. मग आवाज चढला, कोर्टात चढत असेल तसा. "इसका दिल निकालको गमला रख दिए तुम. ऊपर से बोलते, जिंदगी दी!" काका उतरले, दार नीट लावलं, पुन्हा दोन बोटं कपाळाला लावली आणि भरलेला कप तसाच ठेवून निघाले. घरी फाटकाशी आल्यावर म्हणाले, "तिच्या अंगाला गव्हाचा वास यायचा, पुणेकर." त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे वाटले.

तेलंगणात दसऱ्याला पालापिट्टा बघतात. पालापिट्टा म्हणजे आपला नीलपंख. तो दिसला की वर्ष चांगलं जातं, म्हणून लोक शहराबाहेर शेतांकडे जातात. काका त्याच मुहूर्तावर झेंडूच्या हारांची टोपली घेऊन निघत. त्यांचा पालापिट्टा चार चाकांचा. दसऱ्याला आपण आपल्या गाडीला हार घालतो, काका परक्यांच्या गाड्यांना घालत. वर्षभरात भेटलेल्या प्रत्येक गाडीला एक, आणि संध्याकाळी घरी बसून किती झाल्या ते मोजायचं. मालक पहिल्या वर्षी चक्रावत, दुसऱ्या वर्षीपासून चाकाखाली ठेवायला लिंबू काढून वाट बघत.

कॅफेच्या भानगडीनंतरचा दसरा. जवळच्या गाड्यांना आम्ही पायीच हार घालत निघालो होतो. गेले काही महिने काका फियाट गल्लीच्या बाहेर काढतच नव्हते. रेशन दुकानाच्या कोपऱ्यावर एक पांढरी अ‍ॅम्बॅसडर असे, दुकानदारीण तिच्या टपावर मिरच्या वाळत घाली. काका समोर उभे राहिले, दोन बोटं कपाळाला, हार घातला, बॉनेटवर हात ठेवला. "काय बाई, डागडुजी केलीस काय? पत्रा कसा नितळ लागतोय."

ती अ‍ॅम्बॅसडर नव्हती. एक नवीकोरी पांढरी टॅक्सी होती, काचेवर कंपनीचं स्टिकर लावलेली. अ‍ॅम्बॅसडर तिच्या पलीकडे उभी होती, मिरच्यांसकट.

टॅक्सीवाला चहाचा ग्लास घेऊन दुकानातून बाहेर आला. "साब, ये तो नवी गाडी है. इसी साल की."

काकांचा हात बॉनेटवरच होता. त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. मग त्यांनी मान ताठ केली. "मेहनत करती ना?"

"दिन-रात करती साब. मैं ईच सोता नै, तो ये कब सोती!"

"तो हार इसी का है. रखो," काका म्हणाले आणि काठी टेकत ताठ चालत पुढे गेले. टॅक्सीवाल्यानं हसत हार सरळ केला. मी टोपलीतला दुसरा काढून गुपचूप अ‍ॅम्बॅसडरला घातला.

संध्याकाळी त्यांचा मुलगा सोनं द्यायला आला. कुकटपल्लीला राहायचा, माझ्यासारखाच कंपनीत. काकांनी स्वतःच त्याला रंगवून सांगितलं, "आज तुझ्या बापानं नव्या गाडीला हार घातला, बघ!" मी हसले. मुलगा हसला नाही. त्यानं ताटातलं जम्मीचं, म्हणजे शमीचं, एक पान उचललं आणि हात बाजूला, खांद्याच्या रेषेत धरला.

"बाबा, माझ्या हातात काय आहे?"

"सोनं. दसऱ्याला दुसरं काय असणार?"

"कोणत्या हातात?"

काकांनी मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं पार गेलं होतं, समोरचंही धूसर होत चाललं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. मुलानं फियाटची किल्ली मागितली तेव्हा मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. काकांनी ती मुकाट्यानं त्याच्या तळहातावर ठेवली. "रस्त्यावर लेकरं असतात," एवढंच म्हणाले.

मुलगा वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. बापाच्या काळजीनं त्याची झोप उडाली होती. आता बाबांनी कुकटपल्लीला आमच्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. फाटकावर पहारा, लिफ्ट, बाग, बागेत बाकं. "तिथे बाकांवर कोण बसतं?" काकांनी विचारलं. "तुमच्या वयाचे सगळे बसतात, बाबा." "म्हणजे पार्किंगच की," काका म्हणाले. पण मुलानंही चिवटपणा बापाकडूनच घेतला होता. जिन्यात मला गाठून तो म्हणाला, "ताई, गाडी पोर्चमध्ये आहे तोवर बाबा इथून हलणार नाहीत. ती एकदा गेली की येतील." आणि गाडीला त्यानं गिऱ्हाईक शोधलंही होतं. तोच कॅफेवाला. नवी शाखा काढत होता, त्याला आकाशी रंगाची फियाट हवी होती. पुढच्या दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रक पाठवतो म्हणाला. काका ऐकून म्हणाले, "बघू." मुलाला तो होकार वाटला. जन्मभर कोर्टात तारखा मागितलेल्या माणसाचं 'बघू' आहे ते, हे त्याला कळायला हवं होतं.

रोज सकाळी फाटकाशी हारवाली यायची. दसऱ्याचे हार काका तिच्याकडूनच घेत, आणि एरवीही काकूंच्या फोटोसाठी एक. तेलुगू बाई, कमरेला पदर खोचलेला, स्कूटीच्या पुढे-मागे टोपल्या. एका सकाळी ती ऑटोवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होती. फुलबाजारातून ओल्या टोपल्या घ्यायला कुणी तयार होत नाही, उशिरा आलेली फुलं कोमेजतात, देवळातली गिऱ्हाइकं तुटतात. काका पायरीवर बसून ऐकत होते.

"गाडी चलाना आता?"

"स्कूटी आती, साब."

"चार चाक बोले तो दो स्कूटी."

"अम्मो! नक्को साब, मेरेकू डर लगता."

"डर तो मेरेकू भी लगता," काका म्हणाले, आणि आत जाऊन देव्हाऱ्यातून फियाटची दुसरी किल्ली घेऊन आले. जुन्या माणसाकडे दुसरी किल्ली असते, हे मुलाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग जे सुरू झालं ते नल्लकुंट्यानं कधी बघितलं नसेल. स्टिअरिंगवर हारवाली, शेजारी डोळ्यांनी अधू झालेले वकीलसाब, मागच्या सीटवर मी. "कान माझे, डोळे पुणेकरांचे, पाय तुझे," काकांनी वाटणी करून टाकली. ते खरंच कानानं शिकवत. "क्लच पर पाँव है अब तक, सुन रहूँ मैं." "हल्लू छोडो अम्मा, रो रही वो." "अब दूसरा. खींचो. देखो, हँसी!" स्टिअरिंगवरचा तो दांडा तिच्या हातात बसायला वेळ लागला. एकदा आम्ही इस्त्रीवाल्याच्या टेबलात घुसता घुसता राहिलो. मी डोळे मिटून घेतले, आणि "डोळे का मिटले?" म्हणून ओरडा मला खावा लागला, ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. मुलगा रविवारी यायचा, म्हणून रविवारी सुट्टी. सगळी गल्ली सकाळी गच्च्यांवरून तमाशा बघायची, पण मुलाला कुणी अवाक्षर सांगितलं नाही. हारवालीला लायसन्स मिळालं त्या दिवशी इस्त्रीवाल्यानं सगळ्यांना चहा पाजला.

दसऱ्याच्या सकाळी ट्रक आला. पुढे मुलाची गाडी, मागे कॅफेवाला, हातात पेढ्यांचा पुडा. काका पांढरा स्वच्छ शर्ट घालून पायरीवर बसले होते. पोर्च रिकामं.

"बाबा, गाडी कुठाय?"

"कामावर गेलीय."

"कामावर म्हणजे?"

कॅफेवाल्याला वाटलं, म्हातारा भावनेच्या भरात बोलतोय. तो समजुतीनं पुढे आला. "अंकल, बिल्कुल फिक्र मत करो. एसी हॉल में रखेंगे. धूल नै, धूप नै, एक खरोंच नै आती. सौ साल रहेगी."

"रहेगी," काका म्हणाले. "लेकिन जाएगी किधर को?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. काका उठून उभे राहिले. आकाशी फियाट वळण घेऊन आत आली, टपावर झेंडूची पोती, मागच्या सीटवर शेवंतीच्या टोपल्या खिडकीपर्यंत, दाराच्या फटीतून पाणी ठिबकत. हारवालीनं ट्रकच्या मागे ब्रेक लावला आणि हॉर्न वाजवला, 'हटो'च्या सुरात. कॅफेवाल्याच्या ट्रकला बाजूला व्हावं लागलं.

"गाडी आता हिची आहे," काका मुलाला म्हणाले. "कागद झाले. वकील आहे मी, कच्चं काम करत नाही."

"बाबा, मला विचारायचं तरी!"

"तू मला विचारलं होतंस?" काकांनी चाचपडत त्याचा खांदा शोधला. "तुझी काळजी कळते मला बेटा. किल्ली मागितलीस, दिली. एक शब्द बोललो नाही. पण मी अजून चालतोय. भाजी आणतो, भांडतो, हिला गाडी शिकवली. झिजू दे मला इथेच. माझ्यात गमला नक्को लावू."

कॅफेवाला जमिनीकडे बघू लागला. त्याला हेराल्ड आठवली असावी. पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवून तो निघाला, आणि ट्रक रिकामा परत गेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मुलानं वाकून हारांची टोपली उचलली, फियाटचं मागचं दार उघडलं आणि शेवंतीच्या टोपल्या सरकवून त्यांच्यात जागा करून बसला. कुकटपल्लीचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी पुढे पुण्याला परतले, पण काका शेवटपर्यंत नल्लकुंट्यातच राहिले, आपल्या घरात, आपल्या भांडणांसकट.

त्या दिवशी हार घालायला आम्ही सगळे फियाटमधून गेलो, मी मुलाशेजारी टोपली मांडीवर घेऊन. रेशन दुकानाच्या कोपऱ्यावर अ‍ॅम्बॅसडरला हार घालून होतो न होतो तोच कुणीतरी हाक मारली, "साब! मेरा हार?"

"कोण आहे?" काकांनी मला विचारलं.

"गेल्या वर्षीची ती टॅक्सी, काका."

वर्षभरात तिची रया गेली होती. बंपर चेपलेला, दारावर लांबलचक ओरखडा. काका तिच्यासमोर उभे राहिले. दोन बोटं कपाळाला लावली. "किधर को जाको आई ये?"

"एअरपोर्ट, साब. सवारी छोड़को सीधा आपके वास्ते आया."

काकांनी तळहात बॉनेटवर ठेवला आणि चटका बसला तरी लगेच उचलला नाही. "हौ," ते म्हणाले. हार घातला. मग माझ्याकडे वळून, "पुणेकर, संध्याकाळी मोजताना हिलाही धरा."

शोकसभेच्या दिवशी मी व्हरांड्यात चरफडत उभी होते तेव्हा खाली फियाट येऊन थांबली. हारवाली घाईघाईनं उतरली, काकांच्या फोटोसाठी मोठा हार घेऊन. उशीर झाला म्हणून तिचा चेहरा रडवेला झाला होता. आत पुढचं भाषण सुरू झालं होतं. मी पायऱ्या उतरून गाडीच्या समोर गेले, दोन बोटं कपाळाला लावली आणि बॉनेटवर हात ठेवला. हात पोळला.

"किधर को जाको आई?" मी विचारलं.

"सिकंदराबाद. शादी के फूल देको आई. इस वास्ते देर हुई अम्मा, माफ करना."

"हौ," मी म्हटलं. "चाललं असतं काकांना." आणि हार आत न्यायला तिच्या हाताखाली हात लावला.